मुंबईची नगरसुधारणा आणि सत्तेचा प्रश्न : इंप्रूव्हमेंट ट्रस्टचा कालखंड (१८९८–१९३३)

मुंबई शहराच्या सुधारणेसाठी १८९८ साली जो कायदा करण्यात आला, त्याचा आदर्श म्हणून ग्लासगो शहराच्या १८६६ च्या कायद्याचा उल्लेख सामान्यतः केला जातो. हा उल्लेख अर्धाच खरा आहे. दाट वस्ती विकत घ्यावी, ती पाडून रुंद रस्ते काढावेत आणि उरलेली जमीन भाडेपट्ट्याने देऊन खर्च भरून काढावा, ही कार्यपद्धती मुंबईने ग्लासगोकडून उचलली यात शंका नाही. परंतु ग्लासगोमध्ये या सुधारणेचे विश्वस्त म्हणजे त्या शहराची नगरसभाच होती. नागरिकांनी निवडलेले प्रतिनिधीच तेथे पाडकामाचा निर्णय घेत आणि त्याचा जाबही तेच देत. मुंबईत हा भाग गाळण्यात आला. येथे नगरसंस्थेहून वेगळे असे विश्वस्त मंडळ स्थापन झाले. त्याचा अध्यक्ष सरकारने नेमलेला असे. व्यापारी मंडळ, गिरणीमालकांचा संघ व पोर्ट ट्रस्ट यांना त्यात स्थान होते. आणि म्युनिसिपल कॉर्पोरेशनने निवडून दिलेले सभासद अल्पसंख्य होते. पद्धती घेतली आणि घटना टाकून दिली, ही गोष्ट अनवधानाने झालेली नव्हती. तिचे कारण शोधू गेल्यास ते आरोग्यशास्त्रात नव्हे, तर त्या दोन वर्षांच्या राजकारणात सापडते.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात गाठीच्या तापाचे रोगी डॉ. अकासिओ व्हिएगस यांच्या पाहण्यात आले व त्यांनी ही प्लेगची साथ असल्याचे निदान केले. पाहता पाहता लोक शहर सोडून जाऊ लागले. १८९१ च्या शिरगणतीत मुंबईची लोकसंख्या ८,२१,७६४ होती; १९०१ मध्ये ती ७,७६,००६ भरली. व्यापाराच्या दृष्टीने हे संकट केवळ मृत्यूचे नव्हते, तर गिरण्या व बंदर ओस पडण्याचे होते. मार्च १८९७ मध्ये सरकारने जनरल गेटेकर यांच्या अध्यक्षतेखाली प्लेग समिती नेमून साथनिवारणाचे काम कॉर्पोरेशनकडून काढून घेतले. घरझडत्या, सक्तीने इस्पितळात नेणे आणि विलगीकरण यांमुळे लोकांत जो संताप उसळला, त्याचे पुण्यातील पर्यवसान २२ जून १८९७ रोजी रँडवर झालेल्या गोळीबारात झाले, हे महाराष्ट्रात सर्वश्रुत आहे. मुंबईतही मार्च १८९८ मध्ये मदनपुऱ्यातील विणकरांच्या वस्तीत एका रुग्ण मुलीच्या तपासणीवरून दंगल उद्भवली. माणसाच्या शरीरावर सक्ती करून साथ आवरणे किती महाग पडते, याचा धडा राज्यकर्त्यांना मिळाला. त्यानंतर त्यांची दृष्टी माणसाकडून घराकडे वळली. घराची झडती घेण्यापेक्षा घरच पाडणे अधिक सुरक्षित, असा विचार कोणी उघडपणे मांडला नसला, तरी घटनांचा क्रम तेच सुचवितो.

मग हे काम कॉर्पोरेशनकडे का दिले नाही? येथे राष्ट्रीय वृत्तीच्या लेखकांनी सरकारी उद्दामपणा एवढेच उत्तर दिले आहे. ते पुरे नाही. १८८८ च्या कायद्यानुसार कॉर्पोरेशनचे ७२ सभासद असत. त्यांपैकी ३६ प्रभागांतून, १६ जस्टिस ऑफ दि पीस या मानकऱ्यांकडून आणि प्रत्येकी २ विद्यापीठाचे फेलो व व्यापारी मंडळ यांच्याकडून निवडले जात. उरलेले १६ सरकारनियुक्त. फिरोजशहा मेहतांसारख्या नेत्यांनी या सभागृहाला जी प्रतिष्ठा मिळवून दिली ती निर्विवाद आहे. साऱ्या हिंदुस्थानात त्याचे दाखले दिले जात. परंतु प्रभागांतील मतदार म्हणजे करदाता, आणि करदाता म्हणजे बव्हंशी घरमालक. खोलीत हवा येत नाही म्हणून घराला मजला चढवू देऊ नये, किंवा मोरी दुरुस्त करण्यास मालकास भाग पाडावे, असे ठराव या सभागृहातून सहजासहजी निघत नसत. भाडेकरूला तेथे आवाज नव्हता. तेव्हा कॉर्पोरेशन आपल्याच मतदारांची घरे पाडणार नाही ही सरकारची अटकळ चुकीची नव्हती. चुकीचा होता तो तिच्यावरील उपाय. ज्या सभागृहात भाडेकरूला स्थान नव्हते, त्याला डावलून सरकारने असे मंडळ निर्माण केले की ज्यात भाडेकरू तर नव्हताच, पण घरमालकाचाही प्रवेश अवघड झाला.

ट्रस्टची पहिली योजना नागपाड्याची. त्यानंतर मांडवी-कोळीवाडा, प्रिन्सेस स्ट्रीट, सँढर्स्ट रोड या योजना हाती घेण्यात आल्या. आज सरदार वल्लभभाई पटेल मार्ग म्हणून परिचित असलेला सँढर्स्ट रोड १९१० मध्ये खुला झाला. नकाशावर पाहिले असता हे रस्ते पश्चिमेकडून पूर्वेकडे जातात असे आढळते. यामागे एक निश्चित वैद्यकीय कल्पना होती. दाट वस्तीत साचलेली दूषित हवा हे रोगाचे मूळ असून समुद्राचे वारे आत घेतले की ते नाहीसे होईल, असे मानले जात होते. प्लेग उंदरांवरील पिसवांमुळे पसरतो, हे सीमाँ यांनी १८९८ मध्येच प्रतिपादिले होते आणि पुढील दशकात मुंबईतील संशोधनाने ते पक्के झाले. म्हणजे रस्ते पुरे होईपर्यंत त्यांचे शास्त्र मागे पडले होते! तरीही ते काढले गेले, कारण त्या वेळेपर्यंत त्यांना दुसरी प्रयोजने लाभली होती. बंदराकडे जाणारी वाहतूक, रस्त्याकाठच्या जमिनीची वाढती किंमत आणि शहराच्या मध्यातून सरकारी यंत्रणेला मिळणारी वाट यांचे मोल वाऱ्याहून कमी नव्हते. या रस्त्यांची नावेही बोलकी आहेत. एकावर गव्हर्नरचे नाव, तर गावदेवीजवळच्या दुसऱ्यावर ट्रस्टचे पहिले अध्यक्ष ह्यूज यांचे.

ट्रस्टची खरी अडचण भूसंपादनाच्या हिशेबात होती, आणि हा भाग अभ्यासकांनी बारकाईने पाहण्यासारखा आहे. पाडावयाच्या घराची किंमत त्याच्या भाड्याच्या उत्पन्नावरून ठरे. भाड्याचे उत्पन्न मात्र खोल्यांत किती माणसे कोंबली आहेत यावर अवलंबून असे. त्यामुळे घर जितके अधिक गर्दीचे आणि अपायकारक, तितकी मालकाला नुकसानभरपाई अधिक, असा विपरीत न्याय निर्माण झाला. वस्ती बिघडविणाऱ्याला बक्षीस आणि त्या वस्तीत राहणाऱ्याला रस्ता, असे याचे फलित होते. पाडलेल्या घरातील भाडेकरू शेजारच्याच गल्लीत शिरे, कारण त्याचे काम, त्याची उधारी आणि त्याची जातबिरादरी तेथेच असे. ती गल्ली अधिक दाट होई. आणि मग पुढील योजनेत तिचा क्रमांक लागे. ट्रस्टने चाळी बांधल्या नाहीत असे नाही. परंतु त्यांतील खोल्यांची संख्या पाडलेल्या खोल्यांच्या मानाने सुरुवातीची बरीच वर्षे अपुरी होती.

पुढे अध्यक्ष झालेले जे. पी. ऑर यांनी ही चूक ओळखली. जुनी वस्ती थेट पाडण्यापेक्षा तिच्याबाहेर मोकळ्या जमिनीवर नवी वस्ती उभारावी आणि जुन्या घरांना उजेडाचा नियम लावावा, असा त्यांचा आग्रह होता. साडेत्रेसष्ट अंशांचा त्यांचा नियम प्रसिद्ध आहे. खोलीच्या तळापासून आकाशाकडे जाणारी रेषा या कोनाहून अधिक उभी नसावी, म्हणजे समोरच्या इमारतीच्या उंचीच्या निम्म्याइतकी तरी मोकळी जागा मध्ये असावी, असा त्याचा आशय. नियम साधा व मोजता येण्याजोगा होता. आणि म्हणूनच घरमालकांना तो पाडकामापेक्षाही जाचक वाटला. पाडकामात भरपाई होती, उजेडाच्या नियमात ती नव्हती.

याच सुमारास, म्हणजे १९१५ पासून, पॅट्रिक गेडिस हिंदुस्थानातील शहरांची पाहणी करीत होते आणि सरळ रेषेत वस्ती चिरणाऱ्या योजनांवर कठोर टीका करीत होते. जुन्या गल्लीतील दोन-चार पडकी घरे काढून तेथे चौक करावा, झाड लावावे, विहीर सांभाळावी आणि माणसांना हलवू नये, असे त्यांचे मत होते. १९१९ मध्ये ते मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे प्राध्यापक झाले. ज्या शहरात त्यांनी अध्यापन केले, तेथेच त्यांच्या विचाराचा प्रत्यक्ष प्रभाव सर्वांत कमी दिसावा, ही गोष्ट विद्यापीठीय वर्तुळाने मनाशी नोंदवून ठेवण्यासारखी आहे. गेडिस यांचे म्हणणे पटले नव्हते असे नाही. मात्र वस्तीला विचारून योजना करावयाची, तर वस्तीला विचारण्याचे साधन हवे, आणि ट्रस्टच्या घटनेत तेच नव्हते.

बाहेरच्या मोकळ्या जमिनीवरील योजनांपैकी दादर-माटुंग्याची योजना सर्वांत यशस्वी ठरली. भातशेती आणि वाड्या असलेल्या या भागात ट्रस्टने रस्ते, बागा व भूखंड आखून दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने जमीन दिली. भूखंडाचा किती भाग मोकळा ठेवावा यावरही बंधने घातली. पारशी कॉलनीसाठी मंचरजी जोशी यांनी ट्रस्टकडून १०३ भूखंड राखून घेतले. शेजारी हिंदू कॉलनी वसली. माटुंग्यात दाक्षिणात्य कुटुंबे आली. दाट वस्तीतील गरिबाला बाहेर हलविण्यासाठी आखलेली ही योजना होती. तेथे राहावयास आला तो कारकून, शिक्षक, वकील. गिरणीकामगाराला गिरणीपासून दूर राहणे परवडत नव्हते. नियोजनाच्या दृष्टीने हे अपयश. पण राजकारणाच्या दृष्टीने यातून एक नवीन वर्ग भौगोलिक दृष्ट्या एकत्र आला. तो सुशिक्षित होता, वृत्तपत्रे वाचीत होता, आणि बहुतांशी भाडेकरू होता.

महायुद्धाच्या काळात घरभाडी भडकली व १९१८ मध्ये भाडेनियंत्रणाचा कायदा करावा लागला. भाडेकरू हा शब्द तेव्हापासून मुंबईच्या सार्वजनिक जीवनात एका हितसंबंधाचे नाव म्हणून रूढ झाला. १९२२ मध्ये कॉर्पोरेशनचा मताधिकार दरमहा १० रुपये भाडे देणाऱ्यांपर्यंत खाली आला. गिरणीकामगार याही मर्यादेच्या बाहेरच राहिला, कारण त्याच्या खोलीचे भाडे याहून कमी होते. परंतु सभागृहाची घडण बदलली ती कायमची. १९२४ मध्ये विठ्ठलभाई पटेल कॉर्पोरेशनचे अध्यक्ष झाले. नव्या सभासदांना ट्रस्टविषयी जे वैषम्य वाटत होते ते जुन्या शेटियांच्या वैषम्याहून निराळे होते. जुन्यांची तक्रार मालमत्तेवरील आक्रमणाची; नव्यांची अशी की, शहराची जमीन शहराच्या प्रतिनिधींच्या हाती नाही.

दरम्यान सरकारने आणखी एक पाऊल टाकले होते. ट्रस्टही संथ वाटू लागल्याने गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांनी १९२० मध्ये स्वतंत्र डेव्हलपमेंट डिपार्टमेंट काढले. कापसाच्या गाठीमागे एक रुपया जकात बसवून कामगारांसाठी ५०,००० खोल्या बांधण्याचा संकल्प सोडण्यात आला. प्रत्यक्षात वरळी, नायगाव, डिलाइल रोड व शिवडी येथे २०७ चाळी उभ्या राहिल्या व त्यांत सुमारे १६ हजार खोल्या झाल्या. सिमेंटच्या त्या अंधाऱ्या खोल्या घेण्यास आरंभी कामगारही फारसे राजी नव्हते. बॅक बे भरणीच्या प्रकरणात खुर्शेद नरिमन यांनी या खात्याच्या कारभाराची जी लक्तरे बाहेर काढली, त्यावरून झालेल्या बदनामीच्या खटल्यात ते निर्दोष सुटले. लोकनियंत्रणाबाहेरची तज्ज्ञ यंत्रणा अधिक काटकसरी व अधिक वेगवान असते, हा तिच्या समर्थनाचा मुख्य आधार. तोच येथे कोसळला.

ट्रस्टच्या हस्तांतराचा कायदा १९२५ मध्ये झाला आणि १९३३ मध्ये ट्रस्ट कॉर्पोरेशनमध्ये विलीन करण्यात आला. याला लोकशाहीचा निर्भेळ विजय म्हणणे धाडसाचे होईल. विलीनीकरणानंतर दाट वस्त्यांच्या सुधारणेला विशेष गती आली असे दिसत नाही. पूर्वी घरमालकाच्या भीतीने जे काम अडत होते, ते आता भाडेकरूच्या भीतीने अडू लागले, असे म्हणण्यास जागा आहे. प्रौढ मताधिकारावर कॉर्पोरेशनची निवडणूक होण्यास १९४८ साल उजाडावे लागले. शिवाय सरकारची जुनी सवय गेली नाही. शहर व परिसराच्या नियोजनासाठी निवडून न आलेली मंडळे स्थापन करण्याची परंपरा स्वातंत्र्यानंतरही चालू राहिली. १९७० चे सिडको व १९७५ चे मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण ही तिचीच पुढील रूपे होत.

ट्रस्टच्या कामाचा एक परिणाम मात्र त्याच्या कोणत्याही योजनापत्रकात नमूद नव्हता. परळ येथील ट्रस्टच्या चाळीत १९१२ पासून सुभेदार रामजी आंबेडकर यांचे कुटुंब दोन खोल्यांत राहत होते. गावकुसाबाहेरच्या माणसाला खाजगी चाळीत खोली मिळणे दुरापास्त असताना ट्रस्टसारख्या सार्वजनिक संस्थेच्या चाळीत ती मिळू शकली, ही गोष्ट लहान नव्हे. कोलंबिया व लंडन येथून परतल्यावर डॉ. भीमराव आंबेडकर याच खोल्यांतून वावरले. जवळच्या दामोदर हॉलमध्ये १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली. आणि महाडच्या सत्याग्रहाच्या काळातही त्यांचे बिऱ्हाड तेथेच होते. १९३४ च्या सुमारास, ट्रस्टची इतिश्री झाल्यानंतर थोड्याच अवधीत, ते दादरच्या हिंदू कॉलनीत आपण बांधलेल्या ‘राजगृह’ या घरी राहावयास गेले. चाळीच्या दोन खोल्यांत न मावणारी त्यांची पुस्तके ठेवण्यासाठी ते घर मुद्दाम बांधले होते. ती कॉलनीही ट्रस्टनेच आखलेल्या दादर-माटुंग्याच्या जमिनीवर वसलेली होती.