दिवाळीची साफसफाई: घरातून बाहेर काढलेल्या वस्तू जातात कुठे आणि त्यांचं नेमकं काय करायचं?

दसरा झाला की घरोघरी माळे रिकामे व्हायला लागतात. बंद पडलेला मिक्सर, स्क्रीन फुटलेला मोबाईल, मुलांच्या आखूड झालेल्या पँटी, ऑनलाइन खरेदीची खोकी, लग्नात मिळालेला आणि कधीच न उघडलेला डिनर सेट. दोन रविवारांत घर मोकळं होतं आणि सोसायटीच्या गेटपाशी ढीग उभा राहतो.

घरच्यांच्या दृष्टीने काम तिथे संपतं. त्या ढिगाचा प्रवास मात्र तिथून सुरू होतो. त्यातलं काय पुन्हा वापरात येणार आणि काय डंपिंग ग्राउंडवर जाणार, हे बरंचसं घरातच ठरलेलं असतं. कोरडी रद्दी भाजीच्या देठांसोबत एकाच पिशवीत गेली, की काही तासांत तिची किंमत शून्य होते. म्हणूनच घर आवरताना 'हे काढायचं का?' या प्रश्नासोबत 'हे जाणार कुठे?' हाही प्रश्न विचारायला हवा.

'टाकलं' म्हणजे गेलं कुठे?

मुंबईतलं देवनार डंपिंग ग्राउंड १९२७ पासून वापरात आहे. जानेवारी २०१६ मध्ये तिथे लागलेल्या आगीचा धूर शहरभर पसरला आणि आसपासच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. पुण्याचा कचरा वर्षानुवर्षं उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या हद्दीत टाकला गेला. तिथल्या गावकऱ्यांनी दुर्गंधी आणि खराब झालेल्या पाण्याविरोधात अनेकदा आंदोलनं केली, कचऱ्याच्या गाड्या अडवल्या.

ओला आणि सुका कचरा एकत्र साचला की ओला भाग हवेविना कुजतो आणि त्यातून मिथेन वायू तयार होतो. हा वायू पेट घेतो आणि सोबतचं प्लास्टिक, कापड, कागद जळत राहतात. म्हणजे आगीची तयारी कचऱ्याच्या डब्यापासूनच होत असते.

घनकचरा व्यवस्थापन नियम, २०१६ नुसार घरातच ओला, सुका आणि घरगुती घातक असा कचरा वेगळा करणं बंधनकारक झालं. त्याच वर्षी राष्ट्रीय हरित लवादाने उघड्यावर कचरा जाळणाऱ्यांना साध्या प्रकरणात ५,००० आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास २५,००० रुपये भरपाई भरण्याचा आदेश दिला. साफसफाईनंतर सोसायटीच्या मागे पालापाचोळा आणि जुन्या गाद्या पेटवणं हेही त्यात आलं.

सुरुवात कुठून करायची?

जपानच्या मारी कोंडो यांनी लोकप्रिय केलेल्या पद्धतीत खोलीनुसार आवरत नाहीत, वस्तूंच्या प्रकारानुसार आवरतात. आधी कपडे, मग पुस्तकं, कागदपत्रं, किरकोळ वस्तू आणि सगळ्यात शेवटी आठवणींच्या वस्तू. याचा फायदा असा की घरभर विखुरलेल्या एकाच प्रकारच्या वस्तू एका जागी येतात. तीन कात्र्या, पाच चार्जर आणि अकरा कापडी पिशव्या एकत्र दिसल्या की निर्णय सोपा होतो.

भारतीय घरात यापुढची एक पायरी जोडावी लागते. बाहेर जाणाऱ्या वस्तूंचे चार वेगळे ढीग करा:

• दुसऱ्याला वापरता येईल असं
• दुरुस्त होईल असं
• रद्दी-भंगारात विकलं जाईल असं
• जपून, वेगळं द्यायचं असं (औषधं, बॅटऱ्या, बल्ब, इलेक्ट्रॉनिक वस्तू)

यातून जे उरेल तेच घंटागाडीत. नीट वर्गवारी केली तर हा पाचवा ढीग बहुतेकदा सगळ्यात लहान असतो.

खरा अडसर असतो 'कधीतरी लागेल' या वाक्याचा. यावर सोपा उपाय आहे. अशा वस्तू एका खोक्यात भरा, वर तारीख लिहा आणि खोकं बंद करा. सहा महिन्यांत ते उघडावं लागलं नाही, तर त्या वस्तू लागत नाहीत हे उत्तर मिळालं.

एक चूक मात्र टाळा. आवरायला घेण्याआधीच नवे प्लास्टिकचे डबे आणि ऑर्गनायझर विकत आणू नका. त्याने पसारा फक्त डब्यात जातो आणि घरात आणखी प्लास्टिक येतं.

रद्दीवाला आणि भंगारवाला काय घेतात?

वर्तमानपत्रं, वह्या, पुठ्ठा, लोखंड, ॲल्युमिनियम, तांबं, पितळ, कडक प्लास्टिक आणि बाटल्या यांना बाजारात भाव आहे. तांब्या-पितळेची जुनी भांडी मोडीत घेणारी दुकानं तर जवळपास प्रत्येक गावात आहेत. भंगारवाल्याकडून हा माल मोठ्या व्यापाऱ्याकडे आणि तिथून कारखान्यात जातो. धारावीतल्या १३ कंपाउंडसारख्या ठिकाणी प्लास्टिक प्रकार आणि रंगांनुसार निवडलं जातं, त्याचा चुरा करून धुतलं जातं आणि त्यापासून नव्या वस्तूंसाठी दाणे तयार होतात.

काच आणि धातू पुन्हा पुन्हा वितळवता येतात. कागदाचे तंतू मात्र प्रत्येक फेरीत आखूड होत जातात, त्यामुळे त्याचं रिसायकलिंग साधारण पाच ते सात वेळाच होऊ शकतं. म्हणून कागद रद्दीत देण्याआधी त्याच्या दोन्ही बाजू वापरणं जास्त फायद्याचं.

कागदासारख्या दिसणाऱ्या काही वस्तू मात्र रद्दीत चालत नाहीत. चहाच्या कागदी कपाला आतून प्लास्टिकचा थर असतो, दुकानातल्या गुळगुळीत बिलांवर रसायनाचा लेप असतो आणि पिझ्झाच्या खोक्याला तेल लागलेलं असतं. खोक्याचं कोरडं झाकण फाडून रद्दीत देता येतं.

प्लास्टिकवरचा त्रिकोण काय सांगतो?

प्लास्टिकच्या वस्तूच्या तळाशी त्रिकोणात एक आकडा असतो. तो प्लास्टिकचा प्रकार दाखवतो, 'रिसायकल होईलच' अशी हमी देत नाही.

१ म्हणजे पाण्याच्या आणि कोल्ड्रिंकच्या बाटल्यांचं प्लास्टिक. २ मध्ये शॅम्पू, डिटर्जंटच्या बाटल्या येतात. ५ मध्ये जेवणाचे अनेक डबे येतात. या तिन्हींना सहसा गिऱ्हाईक मिळतं. ६ मध्ये थर्माकोल येतो. तो हलका आणि जागा खाणारा असल्याने गोळा करणं कुणालाच परवडत नाही.

वेफर्स आणि बिस्किटांची चकचकीत पाकिटं ही सगळ्यात अवघड. त्यात प्लास्टिक आणि धातूचे पातळ थर एकमेकांना चिकटलेले असतात. ते वेगळे करणं खर्चिक असल्याने भंगारवाला ती घेत नाही. काही शहरांत ती सिमेंट भट्ट्यांमध्ये इंधन म्हणून जातात, बाकीची डंपिंग ग्राउंडवर.

दुधाच्या पिशव्यांना मात्र किंमत येते, त्या धुऊन वाळवलेल्या असतील तर. पिशवी उघडताना कोपरा पूर्ण कापून वेगळा करू नका. तो इवलासा तुकडा नंतर कुणाच्याच हाती लागत नाही आणि गटारात जातो.

जुने कपडे: दान की कचरा?

जुने कपडे घेऊन भांडी देणारी बोहारीण महाराष्ट्रातल्या कित्येक पिढ्यांना माहीत आहे. तिने घेतलेले कपडे निवडून, धुऊन, दुरुस्त करून पुन्हा बाजारात विकले जातात. जुन्या सुती साड्यांची गोधडी किंवा वाकळ शिवणं हाही घरातल्या घरात होणारा पुनर्वापरच. आजही अनेक शहरांत गोधडी शिवून देणाऱ्या महिला आहेत.

कपडे संस्थेला द्यायचे असतील तर एक साधी कसोटी आहे: हा कपडा जवळच्या माणसाला देताना संकोच वाटेल का? वाटत असेल तर तो दानाच्या ढिगात टाकू नये. फाटके, मळके कपडे निवडण्यात आणि फेकण्यात संस्थांचाच वेळ आणि पैसा जातो. १९९९ मध्ये अंशू गुप्ता यांनी सुरू केलेली 'गूंज' ही संस्था गावांमध्ये लोकांनी केलेल्या सामूहिक कामाच्या बदल्यात कपडे देते, म्हणजे घेणाऱ्याला ती भीक वाटत नाही. तिथे फाटका शर्ट पाठवणं या कल्पनेलाच हरताळ फासणं आहे.

फाटक्या सुती कपड्यांची फडकी आणि पायपुसणी करा. लोकरीचे जुने कपडे रिसायकलही होतात. हरियाणातल्या पानिपतमध्ये त्यांच्यापासून सूत काढून ब्लँकेट विणण्याचा मोठा उद्योग आहे.

बंद मोबाईल, चार्जर, मिक्सर यांचं काय?

संयुक्त राष्ट्रांशी संलग्न 'ग्लोबल ई-वेस्ट मॉनिटर २०२४' या अहवालानुसार २०२२ मध्ये जगात ६.२ कोटी टन ई-कचरा तयार झाला. त्यातला फक्त २२.३ टक्के कचरा रीतसर गोळा होऊन रिसायकल झाल्याची नोंद आहे.

उरलेल्यातला बराच माल अशा ठिकाणी जातो जिथे तांब्यासाठी वायरी जाळल्या जातात आणि सर्किट बोर्ड ॲसिडमध्ये बुडवले जातात. त्याचा धूर आणि शिसं काम करणाऱ्यांच्या शरीरात जातं. भंगारात मोबाईल विकून मिळालेल्या शंभर-दोनशे रुपयांची ही दुसरी बाजू.

भारतात १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांमध्ये १०० हून अधिक प्रकारच्या उपकरणांचा समावेश आहे. त्यांच्या रिसायकलिंगची जबाबदारी उत्पादक कंपन्यांवर आहे. त्यामुळे कंपनीच्या सर्व्हिस सेंटरवर किंवा वेबसाइटवर जुनं उपकरण जमा करण्याची सोय आहे का, हे आधी विचारा. चाकाच्या डब्यावर फुली मारलेलं चिन्ह ज्या वस्तूवर आहे, ती नेहमीच्या कचऱ्यात टाकायची नाही.

मोबाईल किंवा लॅपटॉप देण्याआधी डेटाचा बॅकअप घ्या, सगळ्या खात्यांमधून लॉग आऊट करा, फॅक्टरी रिसेट करा आणि सिम व मेमरी कार्ड काढून घ्या. बॅटरी फुगलेली असेल तर ती दाबू किंवा टोचू नका. अशा बॅटऱ्या कचऱ्याच्या गाडीत पेट घेऊ शकतात.

औषधं, बल्ब आणि फुटलेली काच

मुदत संपलेली औषधं, ट्यूबलाइट, सीएफएल बल्ब, सुया, रंगाचे आणि कीटकनाशकांचे डबे हा २०१६ च्या नियमांनुसार घरगुती घातक कचरा ठरवला गेला. ट्यूबलाइट आणि सीएफएलमध्ये पारा असतो, त्यामुळे ते फोडू नयेत. हे सगळं एका वेगळ्या खोक्यात साठवून त्यावर ठळक लिहा आणि पालिकेच्या संकलन केंद्रावर किंवा कर्मचाऱ्याकडे वेगळं द्या.

फुटलेली काच जाड कागदात गुंडाळा, चिकटपट्टी लावा आणि वर 'काच' असं लिहा. सॅनिटरी पॅडही कागदात गुंडाळून द्या. त्यावर लाल ठिपका काढण्याची मोहीम पुण्यात कचरावेचकांच्या 'स्वच्छ' या सहकारी संस्थेने राबवली. पिशवीत काय आहे, हे हात घालण्याआधी कळावं एवढाच तिचा उद्देश.

देवांच्या जुन्या तसबिरींचं काय करायचं?

साफसफाईत सगळ्यात जास्त घुटमळायला लावणारी वस्तू हीच. कचऱ्यात टाकवत नाही म्हणून तसबिरी वडा-पिंपळाखाली किंवा नदीकाठी ठेवल्या जातात. तिथे पावसात काच फुटते, चौकट कुजते आणि ज्या विटंबनेची भीती होती तीच होते.

त्यापेक्षा घरीच तसबीर उघडा. काच, चौकट आणि चित्र वेगळं होतं. चौकट आणि काच पुन्हा फोटोसाठी वापरता येते. कागदी चित्र पाण्यात भिजवून त्याचा लगदा कुंडीच्या मातीत मिसळता येतो, पण त्यावर प्लास्टिकचा थर किंवा चमकी नसेल तरच. काही शहरांत स्वयंसेवी संस्था अशा तसबिरी विधिपूर्वक स्वीकारतात.

फरक नेमका कुणाला पडतो?

पुण्यात १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना उभी राहिली आणि तिच्यातूनच पुढे 'स्वच्छ' तयार झाली. 'स्वच्छ'च्या सदस्य घरोघरी जाऊन कचरा घेतात. त्यांची कमाई घरांकडून मिळणारं शुल्क आणि सुक्या कचऱ्याची विक्री यांवर चालते.

म्हणजे कोरडा पुठ्ठा वेगळा मिळाला तर तो त्यांच्या रोजीत जमा होतो. तोच पुठ्ठा आमटीत भिजून आला तर रोजी बुडते आणि वर तो हाताने निवडावाही लागतो. काच, सुई किंवा पॅड त्यात असेल तर जखम आणि आजारपणाचा खर्चही त्यांचाच.

पुन्हा पसारा होऊ नये म्हणून

रिसायकलिंगलाही पाणी, वीज आणि वाहतूक लागते. त्यामुळे जी वस्तू घरात आलीच नाही, तिचाच कचरा सगळ्यात कमी. काही सवयी उपयोगी पडतात:

• एक नवी वस्तू आणली की त्याच प्रकारची एक जुनी बाहेर द्या.
• सेलमधली वस्तू कार्टमध्ये टाकून आठवडाभर थांबा.
• शिडी, ड्रिल मशीन, मोठी पातेली अशा क्वचित लागणाऱ्या वस्तू सोसायटीत मिळून वापरा.
• भेट म्हणून शोभेच्या वस्तूंऐवजी खाऊ, रोप किंवा पुस्तक द्या.
• टाकण्याआधी दुरुस्तीची चौकशी करा. केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केलं असून त्यावर सहभागी कंपन्यांच्या दुरुस्तीची माहिती मिळते.
• ओल्या कचऱ्याचं कुंडीत किंवा डब्यात खत करा. ओल्याच्या प्रत्येक थरावर वाळक्या पानांचा थर दिला आणि हवा खेळती ठेवली तर वास येत नाही.

हे सगळं दिवाळीच्या आदल्या रविवारी एका दिवसात जमणार नाही. दान घेणाऱ्या संस्था, ई-कचरा केंद्रं आणि गोधडी शिवणाऱ्या महिलांकडेही त्या आठवड्यात गर्दी असते. म्हणून वस्तू कुणाला द्यायच्या याची चौकशी आधी करा आणि माळ्यावर त्यानंतरच चढा.