‘व्हिलन’ची कुळकथा

नाटक-चित्रपटांमुळे ‘व्हिलन’ हा शब्द आपल्याकडे इतका रुळला आहे की, ‘खलनायक’ म्हणण्याचे कष्टही आपण पुष्कळदा घेत नाही. या शब्दाच्या मुळाशी मात्र खलत्व मुळीच नाही. लॅटिनमध्ये ‘व्हिला’ म्हणजे शेतीवाडीसह असलेला गावाकडचा वाडा आणि त्या जमिनीशी जोडलेला माणूस तो ‘व्हिलानुस’. १०६६ मध्ये नॉर्मनांनी इंग्लंड जिंकले. त्यांच्या फ्रेंचमधून हा शब्द इंग्रजीत आला. १०८६ च्या ‘डूम्सडे बुक’ या जमीनपाहणीत सर्वांत मोठ्या संख्येने नोंदलेला वर्ग याच शेतकऱ्यांचा आहे. पुढे कायद्याने ते जमीनदाराचे बांधील झाले. त्याच्या अनुमतीवाचून त्यांना गाव सोडता येत नसे; मुलीच्या लग्नासाठीही त्याला पैसे मोजावे लागत.

अशा शेतकऱ्याचा खलपुरुष कसा झाला? वाड्यातून शेताकडे पाहणाऱ्या नजरेने तो केला. कष्टकरी म्हणून ओबडधोबड, ओबडधोबड म्हणून हलका, हलका म्हणून दुष्ट, असा हा उतार आहे. ‘चर्ल’ हा मूळचा सामान्य स्वतंत्र माणूस, तो असभ्य ठरला. ‘बूर’ म्हणजे शेतकरी, तो गावंढळ ठरला. उलट ‘जेंटल’, ‘नोबल’, ‘जनरस’ ही मूळची उच्च कुळाची विशेषणे सौम्यता, उदात्तता आणि औदार्य यांची वाचक झाली. ‘नाइट’ आणि ‘नेव्ह’ यांची जोडी तर फारच बोलकी आहे. जुन्या इंग्रजीत दोहोंचा अर्थ ‘मुलगा’ आणि त्यावरून ‘सेवक’ असाच होता. एक सरदाराच्या पदरी शस्त्र धरून मानकरी झाला, दुसरा चाकरीतच राहून लबाड ठरला. सामाजिक दर्जा सांगणाऱ्या शब्दांना असा नैतिक अर्थ कसा चिकटतो, याकडे सी. एस. लुईस यांनी ‘स्टडीज इन वर्ड्स’ (१९६०) या ग्रंथात लक्ष वेधले आहे.

हा निवाडा सर्वांनी निमूटपणे मानला असे नाही. १३८१ च्या शेतकरी बंडात वेठबिगारीच्या अंताची मागणी झाली. बंड चिरडले गेले. त्याच शतकाच्या अखेरीस चॉसरच्या ‘कँटरबरी टेल्स’मध्ये, बाथच्या बाईने सांगितलेल्या कथेत, एक म्हातारी एका ‘नाइट’लाच सुनावते की, थोरवी जन्माने नव्हे, आचरणाने येते. शेक्सपिअरच्या ‘अ‍ॅज यू लाइक इट’मध्ये थोरला भाऊ ऑरलँडोला ‘व्हिलन’ म्हणतो, तेव्हा तो उत्तरादाखल वडिलांचे नाव सांगतो. आपण दुष्ट नाही हे सिद्ध करायला त्याला कुळाचाच आधार घ्यावा लागतो. शब्दाचे दोन्ही अर्थ तिथे एकाच वेळी जिवंत आहेत.

संस्कृत काव्यशास्त्राने ‘ग्राम्यत्व’ हा काव्यदोष मानला आणि मराठीत ‘नागर’ हे आजही प्रशंसेचे विशेषण आहे. त्यामुळे ही केवळ परभाषेची गंमत म्हणून आपल्याला सोडून देता येत नाही. जुने वाङ्मय शिकताना आणि शिकवताना शब्दाचा अर्थ कोशात मिळतो. तो अर्थ कोणी, कोणाविषयी ठरवला, हे मात्र आपल्यालाच विचारावे लागते.