संगणक म्हातारा केव्हा होतो?

मंडळाच्या कार्यालयातील संगणक बदलावा की ठेवावा, हा विषय गेल्या दिवाळीपासून प्रत्येक बैठकीत निघतो आणि प्रत्येक वेळी पुढील बैठकीवर ढकलला जातो. हे यंत्र आपण २०१० साली घेतले. ते चालते. वर्गणीच्या पावत्या, सभासदांची यादी, हळदीकुंकवाची निमंत्रणे, पाळणाघराचा हिशेब, एवढेच काय, या स्मरणिकेचा मजकूरही त्याच्यावरच जुळविला आहे. असे असता दुरुस्तीस आलेल्या गृहस्थांनी पडद्याकडे एकवार पाहिले आणि "बाई, हे आता भंगारात द्या," असा निकाल देऊन टाकला. आमच्या कोषाध्यक्षांना तो मुळीच रुचला नाही. "घरचा फ्रीज अठरा वर्षे चालला, सासूबाईंच्या वेळचे शिवणयंत्र अजून चालते, मग ह्यालाच काय धाड भरली?" असे त्या म्हणाल्या.

प्रश्न रास्त आहे. मी बत्तीस वर्षे कचेरीत हिशेबाचे काम केले. टंकलेखनयंत्र जाऊन संगणक आलेला पाहिला, आणि पुढे माझ्याच टेबलावरून त्याच्या चार पिढ्या गेल्या. म्हणून या प्रश्नाचा मागोवा इतिहासात घेऊन तो भगिनींपुढे ठेवावा असे वाटले.

टेबलावर मावणारे संगणक अमेरिकेत १९७७ पासूनच विकत मिळू लागले होते. परंतु कचेऱ्यांतून ज्याने बस्तान बसविले ते यंत्र आय.बी.एम. कंपनीने १२ ऑगस्ट १९८१ रोजी बाजारात आणले. (याच कंपनीने तीन वर्षांपूर्वी, १९७८ साली, हिंदुस्थानातील आपला गाशा गुंडाळला होता.) त्याची अगदी प्राथमिक किंमत १,५६५ डॉलर होती. त्याच्या प्रोसेसरची, म्हणजे यंत्राच्या मेंदूची, गती ४.७७ मेगाहर्ट्झ होती. म्हणजे सेकंदाला सत्तेचाळीस लाखांहून अधिक ठोके. या यंत्राच्या पोटात पाच खाचा ठेवलेल्या होत्या. नवे काही जोडावयाचे झाल्यास पेटी उघडावी, खाचेत पट्टी बसवावी, की झाले. आपल्या आया पाट्याला टाकी लावून घेत, भांड्यांना कल्हई करून घेत. पाटा तोच, भांडे तेच, काम मात्र पुन्हा चोख. टेबलावरच्या संगणकाची घडण मुळात अशीच होती. तो टाकून देण्यासाठी नव्हे, तर वाढविण्यासाठी बनविला होता, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

मग तो इतक्या लवकर जुना का होऊ लागला? याचे मूळ १९६५ साली गॉर्डन मूर यांनी लिहिलेल्या एका छोट्या लेखात सापडते. एका चकतीवर मावणाऱ्या सूक्ष्म भागांची संख्या दरवर्षी दुप्पट होत आहे, असे त्यांनी दाखविले. पुढे १९७५ साली हा काळ त्यांनी सुमारे दोन वर्षांवर आणला. यात निसर्गाचा नियम काही नव्हता. ते एका जाणत्या माणसाने बांधलेले अनुमान होते. पण कारखानदारांनी ते वेळापत्रकासारखे पाळले. १९८४ साली ८०२८६ हा प्रोसेसर असलेले यंत्र आले, १९८६ मध्ये ३८६ चे, १९८९ मध्ये ४८६ निघाला, १९९३ मध्ये पेंटियम. मार्च २००० मध्ये प्रोसेसरने १,००० मेगाहर्ट्झचा टप्पा गाठला. एकोणीस वर्षांत गती दोनशेपटींहून वाढली! अशा काळात चार वर्षांपूर्वीचे यंत्र म्हणजे आगगाडीच्या शेजारी बैलगाडी.

आणि प्रोसेसर वेगवान झाले म्हणून आज्ञावल्या, म्हणजे सॉफ्टवेअर, अधिक खादाड झाल्या. १९९५ च्या विंडोजला निदान चार मेगाबाइट स्मृती हवी होती. २००१ च्या एक्सपीला ६४, आणि २००७ च्या व्हिस्टाला निदान ५१२. म्हणजे बारा वर्षांत भूक १२८ पट. घरात पाहुणा आला म्हणून मोठे पातेले घ्यावे, आणि पातेले मोठे दिसले म्हणून आणखी पाहुणे यावेत, असाच हा प्रकार होता.

त्या दिवसांत कचेरीत यंत्र तीन-चार वर्षांनी बदलावे लागे, यात नवल नव्हते. आम्ही हिशेबनीस ते वहीत कसे मांडीत असू, हेही पाहण्यासारखे आहे. आयकराच्या नियमांत मार्च २०१७ पर्यंत संगणकावर दरसाल साठ टक्के घसारा धरीत. तीस हजारांचे यंत्र पहिल्या वर्षाअखेर बारा हजारांचे, दुसऱ्याअखेर चार हजार आठशेचे आणि तिसऱ्याअखेर अवघ्या एक हजार नऊशे वीस रुपयांचे उरे. पुढे हा दर चाळीस टक्क्यांवर आला. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या परिशिष्टात टेबलावरच्या संगणकाचे उपयुक्त आयुष्य तीन वर्षे लिहिले आहे. साध्या लाकडी टेबलाचे दहा. टेबल तेच आणि त्यावरून तीन संगणक जावेत, असे कायद्यानेच गृहीत धरले. परंतु भगिनींनो, हे वहीतले आयुष्य आहे. वहीत यंत्राची किंमत शून्याला टेकली म्हणून ते बंद पडत नाही. पुष्कळ संस्थांतून हे दोन्ही एकच मानले जाते आणि धडधाकट यंत्रे मोडीत निघतात.

आपल्याकडे तर निराळीच तऱ्हा होती. नोव्हेंबर १९८४ मध्ये केंद्र सरकारने संगणकाविषयीचे नवे धोरण जाहीर केले आणि आयातीचे दार थोडे किलकिले झाले, तरी मध्यमवर्गीय घराला ही वस्तू परवडण्यास आणखी बरीच वर्षे जावी लागली. ती परवडू लागली तीही सुट्या भागांच्या जोरावर. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून मदरबोर्ड आणावा, कोठून तरी पेटी घ्यावी, जुनाच पडदा जोडावा, आणि शेजारच्या हुशार मुलाने ते सारे जुळवून द्यावे. याला आपण 'असेंबल केलेला' म्हणत असू. या यंत्राला ठरलेले वय नसे. दोन वर्षांनी स्मृतीची पट्टी वाढे, पुढे तबकडी बदले, मग मदरबोर्डच नवा येई. आजीची गोधडी जशी ठिगळाठिगळाने नवी होत जाते आणि तरीही आजीचीच राहते, तसे ते होते. २००१ पासून महाराष्ट्रात एम.एस.-सी.आय.टी. हा अभ्यासक्रम सुरू झाला. आपल्या मंडळातील कितीतरी गृहिणी दुपारची झाकपाक करून त्या वर्गाला जात, हे पुष्कळांना आठवत असेल.

आता या कथेतील खरे वळण सांगते. २००४ च्या अखेरीस प्रोसेसरची गती ३,८०० मेगाहर्ट्झवर येऊन अडली. इंटेल कंपनीने ४,००० चा प्रोसेसर काढण्याचा बेत त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात रद्द केला. कारण उष्णता. भाग जितके बारीक करावेत तितकी वीज कमी लागते, हे १९७४ साली रॉबर्ट डेनार्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलेले गणित तीस वर्षे उपयोगी पडले. पण भाग इतके सूक्ष्म झाले की बंद असतानाही त्यांतून वीज झिरपू लागली. बंद केलेला नळ थेंबथेंब गळावा, आणि असे कोट्यवधी नळ एका नखाएवढ्या जागेत असावेत, तशी स्थिती झाली. मग एका मेंदूची गती वाढविण्याऐवजी एकाच चकतीवर दोन मेंदू, पुढे चार, अशी वाट २००५ पासून धरली गेली. चित्रपट जोडणाऱ्यांना किंवा मोठी गणिते करणाऱ्यांना तिचा लाभ झाला. पण पत्र लिहिणाऱ्या, हिशेब मांडणाऱ्या माणसाला चार मेंदू काय करावयाचे? पोळ्या लाटणारी एक असता तव्यापाशी चौघी उभ्या राहिल्या, तर स्वयंपाक चौपट लवकर होत नाही.

या वळणाचा पुरावा आज्ञावल्यांच्या भुकेतही दिसतो. २००९ च्या विंडोज ७ ला जेवढी स्मृती निदान लागे, तेवढीच २०१५ च्या विंडोज १० लाही लागे. भूक वाढलीच नाही! म्हणूनच २०१० सालचे आपले यंत्र आजही चालते. २०१० ते २०२५ या पंधरा वर्षांत त्यावर आपण काय खर्च केला? एकदा स्मृती दुप्पट केली, आणि २०१८ साली आतील फिरती तबकडी काढून त्या जागी न फिरणारी, घनरूप साठवणीची पेटी बसविली. जुनी तबकडी मिनिटाला हजारो फेरे घेत असे आणि तिच्यावरील मजकूर शोधण्यात यंत्राचा निम्मा जन्म जाई. ती बदलल्यावर, पूर्वी यंत्र सुरू होईपर्यंत आपला चहा होऊन जाई तो आता आधणही येत नाही. माझ्या मते जुन्या संगणकाला दिलेले याहून गुणकारी औषध दुसरे नाही.

झीज होतच नाही असे मात्र नव्हे. पंख्यात धूळ साचते, त्यामुळे यंत्र तापते आणि तापले की आपली चाल मुद्दाम मंद करते. वर्षातून एकदा पेटी उघडून स्वच्छ करावी. या शतकाच्या पहिल्या काही वर्षांतील कित्येक मदरबोर्डांवरचे कपॅसिटर आतील सदोष द्रवामुळे फुगून फुटले, ही तर जगभरची साथच होती. आणि आपल्या यंत्राचे घड्याळ दर सकाळी जुनीच तारीख दाखवू लागले तेव्हा दोघींनी तर आता याचा काळ जवळ आला असेच ठरविले होते. दोष होता तो मदरबोर्डवरच्या नाण्याएवढ्या बॅटरीचा.

मग दुरुस्तीवाल्या गृहस्थांनी निकाल कशाच्या आधारे दिला? तो यंत्राकडे पाहून नव्हे, कॅलेंडराकडे पाहून दिला. आता संगणकाचे वय ठरविणारा तिसराच कोणी आला आहे. एक्सपीची देखभाल ८ एप्रिल २०१४ ला थांबली, विंडोज ७ ची १४ जानेवारी २०२० ला आणि विंडोज १० ची १४ ऑक्टोबर २०२५ ला. घरगुती वापरणाऱ्यांस वाढीव मुदत मिळाली ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची. त्यानंतर यंत्र चालते, पण चोरांच्या नव्या युक्त्यांवर नवी कुलुपे मिळत नाहीत. ५ ऑक्टोबर २०२१ ला आलेल्या विंडोज ११ ला मदरबोर्डावर सुरक्षेची एक विशिष्ट सोय आणि ढोबळपणे २०१८ च्या पुढचा प्रोसेसर असावाच लागतो. आपल्या यंत्रात दोन्ही नाहीत. म्हणजे ते थकले नाही, त्याला निवृत्त केले गेले. सुरक्षेचे कारण खोटे नाही हे मी मान्य करते. पण चालत्या यंत्राला असे वयाचे बंधन पडावे हे मला पटलेले नाही.

याला एक पर्याय आहे. हेलसिंकीतील लायनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली आपल्या ३८६ च्या यंत्रावर लिनक्स ही प्रणाली लिहिली आणि ती सर्वांस मोकळी केली. तीही जुन्या यंत्रांना कायमचा आश्रय देत नाही. ज्या ३८६ वर ती जन्मली त्याचीच साथ तिने २०१३ साली सोडली. पण ३८६ हा १९८५ चा प्रोसेसर होता. अठ्ठावीस वर्षे म्हणजे काही थोडी नव्हेत. आपल्या यंत्रावर ती बसते, मराठी लिहिता येते, आणि तिला पैसे पडत नाहीत. माझे मत असे की पावत्या व लेखन यांसाठी हे यंत्र लिनक्स घालून ठेवावे, आणि बँकेचे व्यवहार तेवढे कोषाध्यक्षांनी दुसऱ्या नव्या यंत्रावर करावेत. भंगारवाल्याला तर मुळीच देऊ नये. १ एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या नियमांप्रमाणे असा कचरा नोंदणीकृत ठिकाणीच गेला पाहिजे. तो तसा न गेला तर दिल्लीच्या सीलमपूरसारख्या वस्तीत कोणीतरी उघड्या हातांनी त्यातील तारा जाळून तांबे काढीत बसते, आणि ते हात पुष्कळदा बायकामुलांचे असतात.

निर्णय काही होवो, यंत्र बदलताना आतील लेखनाचे काय होते ते आधी पाहिले पाहिजे. आपला पहिला संगणक २००२ चा. त्या वेळी मराठी लिहिण्यासाठी जे फाँट होते, त्यांत इंग्रजी अक्षरांच्याच जागी देवनागरीचे आकार बसविलेले असत. फाँट आहे तोवर 'क' दिसे; तो नसला की त्याच जागी इंग्रजी अक्षरांची व चिन्हांची खिचडी. युनिकोडमध्ये देवनागरीला १९९१ पासून स्वतःचे क्रमांक आहेत आणि विंडोज २००० पासून ते घरच्या यंत्रांवर वापरताही येत होते, पण आपल्या छापखान्याला जुनेच फाँट चालत, म्हणून आपणही त्यांतच लिहीत राहिलो. २०१० मध्ये नवे यंत्र आले, जुने गेले आणि त्याबरोबर फाँटही गेले. सीडीवर ठेवलेल्या सहा स्मरणिकांपैकी चार गेल्या उन्हाळ्यात फाँटचे नाव शोधून युनिकोडमध्ये आणता आल्या. २००४ आणि २००७ च्या सीडी उघडतच नाहीत. पाळणाघर कसे उभे राहिले, त्यासाठी दारोदार वर्गणी कोणी मागितली, ही हकीकत आपल्या संस्थापक भगिनींनी त्याच दोन अंकांत लिहिली आहे, आणि त्यांपैकी तिघी आज आपल्यात नाहीत. ज्यांच्या घरी या दोन अंकांच्या छापील प्रती असतील त्यांनी त्या कार्यालयात आणून द्याव्यात. त्या टंकून घेण्यास मी आणि आणखी दोघी तयार आहोत. प्रती आठ दिवसांत परत मिळतील.