रेकी आणि स्पर्श-उपचार : बरे वाटणे आणि बरे होणे यातला फरक

"डॉक्टर, गोळ्या चालू ठेवून रेकी घेतली तर चालेल का?" हा प्रश्न ओपीडीत बरेचदा येतो. थोडक्यात उत्तर असे: औषधोपचार न थांबवता घेतली तर सहसा अपाय नाही, मनाला आराम मिळू शकतो. पण रेकीने आजार बरा होतो, याला पुरावा नाही.

हिंगोली जिल्ह्यातल्या बहुतेक कॅन्सर रुग्णांना उपचारासाठी नांदेड, छत्रपती संभाजीनगर किंवा मुंबई गाठावी लागते. दोन खेपांच्या मधे रुग्ण घरीच असतो, दुखणे आणि काळजी सोबत असते. अशा वेळी कुणी शांतपणे जवळ बसून अंगावर हात ठेवला, तर बरे वाटणारच. म्हणून हा विषय नीट समजून घेऊ.

स्पर्श-उपचार म्हणजे काय?

रेकीची सुरुवात जपानमध्ये मिकाओ उसुई यांनी 1922 च्या सुमारास केली. यात रुग्ण कपड्यांसह झोपून राहतो. उपचार करणारी व्यक्ती डोके, छाती, पोट अशा ठिकाणी हात हलकेच ठेवते किंवा थोडे वर धरते. हातांतून 'जीवनऊर्जा' वाहते, असे मानले जाते. अमेरिकेत 1970 च्या दशकात नर्सिंगच्या प्राध्यापक डोलोरेस क्रीगर आणि डोरा कुन्झ यांनी 'थेरप्युटिक टच' ही अशीच पद्धत सुरू केली. मालिश किंवा फिजिओथेरपी यापेक्षा वेगळी असते. तिथे स्नायूंवर आणि सांध्यांवर प्रत्यक्ष काम होते.

ही ऊर्जा खरेच असते का?

1998 मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात एक साधा प्रयोग छापून आला. तो एमिली रोझा या मुलीने शाळेत असताना केला होता. 'थेरप्युटिक टच' करणाऱ्या 21 जणांनी पडद्याआडून दोन्ही हात पुढे करायचे, एमिलीने त्यांपैकी एका हातावर आपला हात धरायचा, आणि कोणत्या हाताजवळ ऊर्जा जाणवते ते त्यांनी सांगायचे. 280 वेळांपैकी उत्तर बरोबर आले सुमारे 44 टक्के वेळा. नुसता अंदाज केला असता तरी निम्मी उत्तरे बरोबर आली असती.

मग आराम का वाटतो?

तो आराम खोटा नसतो. शांत खोली, अर्धा-पाऊण तास पडून राहणे, कुणीतरी घाई न करता आपल्याकडे लक्ष देणे आणि मायेचा हात, या सगळ्याने मनाचा ताण हलका होतो. ताण कमी झाला की दुखणेही थोडे कमी जाणवते.

कॉक्रेन संस्थेने 2008 मध्ये 24 अभ्यास एकत्र तपासले. स्पर्श-उपचार घेतलेल्यांच्या वेदना 0 ते 10 च्या मापावर सरासरी एक अंकापेक्षाही कमी उतरल्या होत्या. चिंता आणि नैराश्यावरच्या रेकीचा आढावा 2015 मध्ये झाला, तेव्हा जेमतेम तीन छोटे अभ्यास सापडले. त्यांवरून उपयोग होतो असे म्हणता आले नाही.

धोका कुठे आहे?

माझ्याकडे एक ताई आल्या होत्या. स्तनात गाठ होती, पण दुखत नव्हती. कुणीतरी "ऊर्जा अडकली आहे" असे सांगितले आणि त्यांनी काही महिने रेकी घेतली. झोप सुधारली, मन शांत झाले, त्यामुळे गाठही बरी होत असेल असे घरच्यांना वाटले. गाठ मात्र वाढत राहिली आणि काखेपर्यंत पोहोचली. हातांनी इजा केली नव्हती. बरे वाटण्यात जे महिने गेले, त्यांनी केली.

बीपी, शुगर आणि सुरुवातीचा कॅन्सर बहुधा दुखत नाहीत. त्यामुळे 'आता बरे वाटते' यावरून आजार गेला असे ठरवू नका. तपासणीच ते सांगू शकते.

रेकी घ्यायचीच असेल तर

- तुमच्या डॉक्टरांना तसे सांगा. संकोच करू नका.
- इन्सुलिन, फिटच्या, बीपीच्या, हृदयाच्या किंवा टीबीच्या गोळ्या स्वतःहून बंद करू नका. टाइप 1 मधुमेहात इन्सुलिन थांबवल्यास एक-दोन दिवसांतही जीव धोक्यात येतो.
- आजाराचे निदान रेकी करणाऱ्याकडून करून घेऊ नका.
- "औषधे सोडा", "खात्रीने बरे करतो" किंवा "आधी पूर्ण पॅकेजचे पैसे भरा" असे कुणी म्हणाले, तर तिथून उठा.
- घरचे कुणीतरी सोबत ठेवा. नको त्या ठिकाणी हात लागला तर लगेच थांबवा.
- केमोथेरपी चालू असेल तर समोरच्याला साबणाने हात धुवायला सांगा. जखमेवर हात लावू देऊ नका.

इथे मात्र एक मिनिटही घालवू नका

छातीत दुखणे, तोंड वाकडे होणे, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणे, धाप लागणे, फिट येणे किंवा सापाने चावणे, अशा वेळी 108 ला फोन करा आणि जवळचे रुग्णालय गाठा. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्याला उपचारापासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणे हा महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार गुन्हा आहे.

घरच्यांसाठी

स्पर्शाला वैद्यकातही जागा आहे. कमी वजनाच्या बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरून ठेवण्याची 'कांगारू मदर केअर' पद्धत जागतिक आरोग्य संघटनाही सुचवते, आणि त्याने बाळे वाचतात. मोठ्या माणसालाही जवळीक हवी असते. त्यासाठी दीक्षा लागत नाही की फी लागत नाही. रात्रीच्या गोळ्या दिल्यावर दहा मिनिटे आईच्या पाठीवरून हात फिरवा, वडिलांचा हात हातात घेऊन बसा. त्यांना बरे वाटेल. आजार बरा होण्यासाठी पुढच्या तपासणीची तारीख चुकवू नका.