एका शिलिंगाची मैफल

कामानिमित्त ट्रॅफल्गर स्क्वेअरजवळ जाणं झालं, की दुपारी डबा खाऊन मी नॅशनल गॅलरीत एक चक्कर मारतो. भारतातून आलेल्या पाहुण्यांना तर आपण सगळेच तिथे नेतो. पण याच भिंती एकेकाळी रिकाम्या होत्या, हे पुष्कळांना ठाऊक नसतं.

१९३९ च्या सप्टेंबरात महायुद्ध सुरू झालं. बॉम्बच्या भीतीने चित्रं वेल्समध्ये हलवली गेली. लंडनची नाट्यगृहं आणि संगीताचे हॉल बंद झाले. तेव्हा नामवंत पियानोवादक मायरा हेस यांनी गॅलरीचे संचालक केनेथ क्लार्क यांना विचारलं, की इथे अधूनमधून मैफल करता येईल का? क्लार्क म्हणाले, रोजच का नको?

१० ऑक्टोबर १९३९ ला दुपारी पहिली मैफल झाली. तिकीट एक शिलिंग. चाळीस-पन्नास लोक येतील असा अंदाज होता, आले हजारभर! पुढे सोमवार ते शुक्रवार हा नेम साडेसहा वर्षं चालला. बॉम्बवर्षावाच्या दिवसांत मैफल तळघरात भरली, पण चुकली नाही. १९४६ च्या एप्रिलपर्यंत जवळजवळ १,७०० मैफली झाल्या आणि आठ लाखांवर श्रोत्यांनी त्या ऐकल्या. १९४२ च्या 'लिसन टू ब्रिटन' या माहितीपटात यातली एक मैफल पाहायला मिळते. मायराबाई मोत्झार्टचा कॉन्चेर्तो वाजवताहेत, साथीला हवाई दलाचा गणवेशातला ऑर्केस्ट्रा आहे आणि श्रोत्यांत खुद्द राणी बसली आहे.

मला नवल वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं. तिथे वाजत होतं ते कोणाचं संगीत? बाख, बेथोव्हन, ब्राम्स, म्हणजे शत्रूच्याच मुलखातले संगीतकार! वर जर्मन विमानं आणि खाली जर्मन सूर. शिवाय मायराबाई स्वतः ज्यू होत्या. तरी हे संगीत हिटलरच्या स्वाधीन करायला त्या तयार नव्हत्या, असंच मला वाटतं.

हे आठवायचं कारण घरचंच आहे. माझी मुलगी पियानो शिकते. गणपतीत कोणीतरी सहज म्हणालं, "अहो, आपलं काहीतरी शिकवा की!" मला तेव्हा उत्तर सुचलं नाही. आज वाटतं, गदगचे भीमसेन मराठी अभंग गायले, तेव्हा त्यांची मातृभाषा आपण कुठे विचारली? पेटीसुद्धा युरोपातूनच आली, आणि आज तिच्याशिवाय आपलं भजन रंगत नाही.

मुलांनी भूप जरूर शिकावा. पण शेजारच्या खोलीतून बाख ऐकू आला, तर तोही आपलाच म्हणायला काय हरकत आहे? ज्यांच्या डोक्यावर बॉम्ब पडत होते, त्यांनी तेवढं मन मोठं ठेवलं होतं.