गाणी भरून मिळतील

२००९-१०च्या सुमारास पेणच्या बाजारात मोबाइल दुरुस्तीच्या दुकानांवर एक पाटी हमखास दिसे : ‘गाणी भरून मिळतील.’ मेमरी कार्ड काढून द्यायचे, वीस-तीस रुपये मोजायचे आणि चहा पिऊन यायचे. तोवर कार्डात शेकडो गाणी. रोह्याच्या बाजारपेठेतही हाच व्यवहार. मीही अनेकदा कार्ड भरून घेतले आहे.

डिजिटल संगीताचा इतिहास सहसा वेगळा सांगितला जातो. १९९९ साली अमेरिकेत शॉन फॅनिंग या तरुणाने ‘नॅपस्टर’ सुरू केले आणि लोक आपल्या संगणकातली गाणी एकमेकांना फुकट देऊ लागले. ध्वनिमुद्रण कंपन्या न्यायालयात गेल्या. २००१मध्ये ती सेवा बंद पडली. २८ एप्रिल २००३ रोजी ‘ॲपल’ने ‘आयट्यून्स’चे दुकान उघडले, एक गाणे ९९ सेंटला. म्हणजे आधी फुकट, मग विकत.

आपल्याकडे हा क्रम लागू पडत नाही. तेव्हा इथे संगणक मोजक्या घरांत होता. त्यामुळे जगात ‘फुकट’ फिरणारे गाणे पेण-रोह्याच्या माणसाला फुकट मिळालेच नाही. पूर्वी कोरी कॅसेट देऊन आवडीची गाणी भरून घेत, तसाच तो पैसे मोजत राहिला. मात्र ते भरणाऱ्याला मिळत. गाणाऱ्या-लिहिणाऱ्याला छदामही नाही.

गाण्यासाठी पैसे द्यायची त्याची तयारी नव्हती, असे म्हणता येत नाही. कॉलर ट्यूनचे महिन्याला तीसएक रुपये बॅलन्समधून कापले जात, ते तो देतच होता. अडचण पैसे देण्याच्या वाटेची होती. फेब्रुवारी २०१२मध्ये ‘फ्लिपकार्ट’ने ‘फ्लाइट’ हे गाण्यांचे दुकान काढले. जून २०१३मध्ये ते बंदही झाले. पाच-दहा रुपयांच्या खरेदीसाठी कार्डाने पैसे भरण्याची सोय आणि सवय किती जणांना होती? २०१६मध्ये ‘जिओ’ आले, डेटा स्वस्त झाला आणि गाणे साठवण्याची गरजच उरली नाही. विकतच्या डाउनलोडचे युग इथे रुजण्याआधीच संपले.

याच काळात, २०१२मध्ये, कॉपीराइट कायद्यात मोठी दुरुस्ती झाली. गीतकार-संगीतकारांना स्वामित्वधनात समान वाटा मिळाला आणि तो हक्क कंपनीला लिहून देता येणार नाही, असेही ठरले. पण आमच्या भागातल्या आगरी-कोळी हळदीच्या गाण्यांबद्दल मी ज्यांच्याशी बोललो, त्यांतल्या बहुतेकांनी एकरकमी बिदागी घेतली होती. कागद कुणाकडेच नव्हता. गाणे आपले आहे, हे सिद्ध कशाने करणार?

पेणच्या गणपती कारखान्यांत आजही रंगकाम करताना गाणी लागतात, आता फोनवरून. मध्येच जाहिरात येते, म्हणजे पैसे कुणीतरी देतेच आहे. म्हणून नवे गाणे ध्वनिमुद्रित करायला निघालेला गावातला कुणी मुलगा भेटला, की मी त्याला आधी विचारतो, कागद केलास का?