क्रिसोबेरिल व लसण्या

क्रिसोबेरिल हे बेरिलियम व ॲल्युमिनियम यांच्या ऑक्साइडाचे बनलेले एक दुर्मिळ खनिज असून त्याच्या पारदर्शक व पारभासी प्रकारांची गणना मौल्यवान रत्नांत होते. स्फटिक समचतुर्भुजी असतात. तीन स्फटिक परस्परांत गुंतून षट्कोणी भासणारे जुळे स्फटिक वारंवार आढळतात. कठिनता ८·५, म्हणजे हिरा व कुरुविंद (माणिक, नीलम) यांच्या खालोखाल. वि. गु. सु. ३·७. भंजन शंखाभ. चमक काचेसारखी. रंग पिवळा, हिरवट पिवळा, हिरवा किंवा तपकिरी. महाराष्ट्रात हे रत्न मुख्यतः ‘लसण्या’ या नावाने परिचित आहे. परंतु लसण्या हा त्याचा केवळ एक प्रकार होय. संस्कृत ग्रंथांतील ‘वैडूर्य’ म्हणजेच लसण्या हे समीकरणही सर्व काळांना लागू पडत नाही. त्यामुळे या रत्नाचा इतिहास हा बऱ्याच अंशी त्याच्या नावांचा इतिहास आहे.

वैडूर्याचा उल्लेख भारतीय वाङ्मयात फार जुना आहे. पाणिनीने हा शब्द ‘विदूर’ या स्थलनामापासून साधला आहे. पतंजलीने मात्र हा मणी वालवाय पर्वतावर उत्पन्न होतो व विदूर येथे त्याच्यावर संस्कार होतात, असा खुलासा केला आहे. कौटिलीय अर्थशास्त्रात वैडूर्याचे भेद रंगांवरून सांगितले आहेत : नीलकमळासारखा, शिरीषाच्या फुलासारखा, पाण्यासारखा, बांबूसारखा, पोपटाच्या पंखासारखा, पिवळा, गोमूत्रासारखा इत्यादी. पाणेरी, निळसर, हिरवा व पिवळा ही छटांची मालिका बेरिल या खनिजाची आहे. बेरिलाला युरोपीय भाषांत जे नाव मिळाले, तेही वैडूर्याच्या प्राकृत ‘वेरुलिय’ या रूपावरून ग्रीकमार्गे गेले, असे सामान्यतः मानले जाते. तेव्हा प्राचीन वैडूर्य म्हणजे प्राधान्याने बेरिल, असा निष्कर्ष निघतो.

या रत्नाच्या व्यापाराचा काळ कोल्हापूर परिसराच्या इतिहासाशी जुळतो. इ. स. दुसऱ्या शतकातील टॉलेमीच्या भूगोलात बेरिल मिळणारे पुन्नाट हे दक्षिणेकडील स्थळ नमूद आहे. त्याच ग्रंथात हिप्पोकुरा येथील बलिओकुरोस राजाचाही निर्देश असून, कोल्हापूरला ज्याची नाणी सापडली तो विळिवायकुर हाच हा राजा असावा, असे अनेक अभ्यासक मानतात. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर ह. धी. सांकलिया व मो. गं. दीक्षित यांनी १९४५–४६ मध्ये उत्खनन केले. ब्रह्मपुरीला मिळालेली पोसायडनची ब्राँझची मूर्ती रोमन जगाशी असलेल्या संबंधांची साक्ष देते. त्या जगात भारतीय बेरिलाला मोठी मागणी होती. बेरिल भारताबाहेर क्वचितच सापडते, असे प्लिनीने लिहिले असून, भारतीय लोक स्फटिकाला रंग देऊन नकली बेरिल बनवितात, अशीही नोंद त्याने केली आहे.

नकलेची ही चिंता भारतीय रत्नशास्त्रातही दिसते. गरुडपुराणातील वैडूर्यपरीक्षेत गिरिकाच, शिशुपाल, काच व स्फटिक हे वैडूर्यासारखे दिसणारे परके पदार्थ सांगितले आहेत. त्यांतील काच ओरखड्यावरून, शिशुपाल हलकेपणावरून व गिरिकाच निस्तेजपणावरून ओळखावा, असे तेथे म्हटले आहे. केवळ रंगावर विसंबू नये, कठिनता व वजनही पाहावे, हे तत्त्व त्यात स्पष्ट आहे.

पुढे वैडूर्याच्या वर्णनात बदल झाला. पुण्याच्या आनंदाश्रम संस्थेने प्रसिद्ध केलेल्या रसरत्नसमुच्चय या मध्ययुगीन ग्रंथात उत्तम वैडूर्य सावळे-शुभ्र, स्वच्छ व जड असून त्याच्या पोटात पांढऱ्या उपरण्यासारखी फिरती झाक असते, असे सांगितले आहे. ही फिरती रेषा म्हणजेच मांजराच्या डोळ्यासारखा दिसणारा प्रकाशपट्टा होय. रंगांवरून ओळखले जाणारे वैडूर्य आता रेषेवरून ओळखले जाऊ लागले. नवरत्नांच्या मांडणीत केतूचे रत्न म्हणून हेच रूढ झाले. लसणाच्या पाकळीसारख्या झाकेवरून त्याला लसण्या हे देशी नाव पडले, असे मानतात.

युरोपातही नावाचा घोटाळा टळला नाही. जर्मन खनिजविज्ञ व्हेर्नर यांनी १७८९ च्या सुमारास या खनिजाला ‘सोनेरी बेरिल’ या अर्थाचे क्रिसोबेरिल हे नाव दिले. वस्तुतः बेरिलात सिलिका असते, क्रिसोबेरिलात नसते. बेरिलाचे वि. गु. सु. २·७ असून ते क्रिसोबेरिलाहून मृदू असते. अशा रीतीने बेरिलाचे वैडूर्य हे नाव भारतात क्रिसोबेरिलाला मिळाले आणि त्याच नावापासून निघालेले बेरिल हे नाव युरोपातही त्यालाच चिकटले.

क्रिसोबेरिलाचे रंग त्यातील अल्प अशुद्धींमुळे येतात. लोहामुळे पिवळ्या, हिरवट व तपकिरी छटा येतात, तर व्हॅनेडियमामुळे पुदिन्यासारखा फिकट हिरवा रंग येतो. क्रोमियमामुळे ॲलेक्झांड्राइट हा सर्वांत नवलाचा प्रकार तयार होतो. रशियाच्या उरल पर्वतातील पाचूच्या खाणींत तो १८३० च्या दशकात आढळला व युवराज अलेक्झांडर (नंतरचा झार दुसरा अलेक्झांडर) याचे नाव त्याला मिळाले. हे रत्न पिवळा प्रकाश शोषून घेते व हिरवा-निळा आणि तांबडा प्रकाश जाऊ देते. दिवसाच्या उजेडात हिरव्या-निळ्या किरणांचे प्रमाण भरपूर असल्याने ते हिरवे दिसते. समईच्या किंवा तापदीपाच्या प्रकाशात तांबडे किरण अधिक असल्याने तेच रत्न तांबडे दिसते. लसण्याचा पट्टा मात्र रंगद्रव्याचा नसून रचनेचा परिणाम आहे. त्यातील अतिसूक्ष्म समांतर सुया किंवा नलिका यांवरून परावर्तित झालेला प्रकाश त्यांना काटकोनात असलेल्या रेषेत एकवटतो. म्हणून लसण्याला पैलू न पाडता घुमटाकार घासतात. मधाळ रंगाच्या रत्नावर बाजूने प्रकाश पाडला असता एक अर्धा दुधाळ दिसतो. अशा रत्नाची किंमत अधिक येते.

क्रिसोबेरिल ग्रॅनिटी पेग्मटाइटांत व अभ्रकी सुभाजांत तयार होते आणि टिकाऊपणामुळे नद्यांच्या वाळूत साचते. भारतात ते केरळ, आंध्र प्रदेश, ओडिशा व छत्तीसगढ येथे मिळते. छत्तीसगढमधील देवभोग भाग ॲलेक्झांड्राइटासाठी प्रसिद्ध आहे. श्रीलंका हे लसण्याचे परंपरागत उगमस्थान होय. कागल-हातकणंगले पंचतारांकित औद्योगिक क्षेत्र ज्या भूमीवर वसले आहे, ती दक्षिण ट्रॅपच्या बेसाल्टाची आहे. कोल्हापूर जिल्ह्यात बॉक्साइटाच्या रूपाने ॲल्युमिनियम विपुल आहे, परंतु बेरिलियम पुरविणारे पेग्मटाइट बेसाल्टात नसतात. म्हणून कोल्हापूरच्या गुजरीत विकला जाणारा लसण्या नेहमी बाहेरूनच येत आला आहे, आणि दूरच्या मालाच्या बाबतीत पारख अधिकच महत्त्वाची ठरते.

संग्राहकांच्या दृष्टीने लंडनच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयातील सु. ४५ कॅरटचे निर्दोष ‘होप’ क्रिसोबेरिल आणि वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेतील श्रीलंकेचा ५८·१९ कॅरटचा ‘महाराणी’ लसण्या हे नमुने ख्यातनाम आहेत. बाजारात मात्र मार्जारनेत्री क्वॉर्ट्झ व तंतुमय काच लसण्या म्हणून आणि रंग बदलणारे कृत्रिम कुरुविंद ॲलेक्झांड्राइट म्हणून विकले जाते. खरे ॲलेक्झांड्राइटही १९७० नंतरच्या दशकांत प्रयोगशाळेत बनू लागले असून त्याचा उपयोग लेसरमध्येही होतो. एकाच आकारमानाचा खरा लसण्या क्वॉर्ट्झाच्या सु. १·४ पट जड भरतो. त्यामुळे वि. गु. व प्रणमनांक (सु. १·७५) मोजल्यास ही दोन्ही रत्ने सहज वेगळी करता येतात, घडवलेल्या रत्नावर ओरखडा काढण्याची गरज राहत नाही. नैसर्गिक व कृत्रिम ॲलेक्झांड्राइटांचे हे गुणधर्म सारखेच असल्याने तेथे सूक्ष्मदर्शकाखाली अंतर्भागाची तपासणी करावी लागते. लसण्या घेताना ‘क्रिसोबेरिल’ असा स्पष्ट उल्लेख असलेले परीक्षणपत्र पाहणे इष्ट ठरते, कारण केवळ ‘लसण्या’ किंवा ‘वैडूर्य’ या नावावरून खनिज निश्चित होत नाही.